१४ कॅरेटचं सोनं पहिल्यांदा १९६३ ला आलं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत १४ कॅरेटच्या दागिन्यांवर पानभर लेख होता, भाव परवडत नाही म्हणून तरुण मंडळी हलक्या कॅरेटकडे वळतायत, आता ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळतो वगैरे. लेख चांगलाय, पण १४ कॅरेट आपल्याकडे "पहिल्यांदाच" येतंय असं लिहिलंय ते काही पटलं नाही. अहो, १९६३ मध्ये तर १४ च्या वरचा दागिना घडवणं हाच गुन्हा होता! आणि ते फॅशनसाठी नव्हे तर युद्धासाठी. हल्ली सीमेवर जरा खुट्ट झालं की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "एकदाचं होऊनच जाऊ दे" सुरू होतं, त्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण युद्धाचा खर्च सरकार नक्की कोणाच्या खिशातून काढतं हे त्या एका नियमात जेवढं दिसतं तेवढं दुसऱ्या कशात दिसत नाही.

चीनचं युद्ध २० ऑक्टोबर १९६२ ते २१ नोव्हेंबर, म्हणजे जेमतेम महिनाभर. यशवंतराव मुख्यमंत्रीपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तोवर तर युद्धबंदी झालीसुद्धा. पण सरकारची युद्धाची तयारी खरी त्यानंतर सुरू झाली. संरक्षणाचं बजेट आदल्या वर्षी ३७६ कोटी धरलेलं, ते १९६३-६४ ला थेट ८६७ कोटी. मग हा पैसा आणायचा कुठून? राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला, लोकांनी त्यात भरभरून दिलं, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, आमच्या मोठ्या आत्या सांगायच्या की सभेत पाटल्या काढून देताना कुणी पावतीसुद्धा मागत नव्हतं. कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, रॉकेलवरचा कर वाढला, आणि सक्तीची बचत योजना आली ज्यात पगारदार, दुकानदार आणि शेतसारा भरणारा शेतकरी सगळेच धरले होते, ती मात्र लोकांनी इतकी शिव्या घालून घेतली की त्याच वर्षी बहुतेकांसाठी गुंडाळावी लागली.

पण सगळ्यात मोठा डोळा होता सोन्यावर. रिझर्व्ह बँकेचा अंदाज होता की लोकांच्या घरात तीन हजार टनांच्या वर सोनं पडून आहे, आणि शस्त्रं परदेशातून आणायची तर परकीय चलन लागतं, ते चोरट्या सोन्यापायी वाहून चाललेलं. म्हणून आधी सुवर्ण रोखे काढले, म्हणजे सोनं सरकारला द्यायचं आणि बदल्यात व्याजाचा कागद घ्यायचा, साडेसहा टक्के व्याज, पंधरा वर्षांची मुदत, सोनं आणलं कुठून ते विचारणार नाही म्हणे. पण सोन्याचा हिशोब धरला दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे, आंतरराष्ट्रीय भाव, जेव्हा इथे सराफ कट्ट्यावर त्याच्या दुप्पट भाव चालू होता. कोण देणार? सोळा टनांच्या आसपास जमलं. ज्याच्याकडे सोन्याच्या विटा होत्या तो गप्प बसला, ज्या बाईकडे चार बांगड्या होत्या तिनं फुकट दिल्या. मला तरी यात सगळी गोष्ट आली.

मग जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी. १४ कॅरेट म्हणजे शंभरात ५८ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. असं सोनं कुणाला आवडणार नाही, मागणी पडेल, भाव पडेल, तस्करी परवडेनाशी होईल, असं गणित. कागदावर झकास! पण दागिने घडवणाऱ्याला विचारलं होतं का? आमच्या गल्लीतले सोनारकाका सांगायचे की बोरमाळेचा मणी म्हणजे कागदासारखा पातळ पत्रा, आत लाख, २२ चं सोनं हाताखाली लोण्यासारखं वळतं, ते १४ चं ठोकायला गेलं की कडक होतं, चिरतं, पुन्हापुन्हा तापवा, त्यात रंग लालसर आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून जाणार. बागेसरी (सोनाराची शेगडी) आणि फुंकणीवर पोट असलेले देशभरातले लाखो कारागीर एका रात्रीत बेकार झाले, कित्येकांनी आत्महत्या केल्या, मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले. सप्टेंबरमध्ये जुना दागिना मोडून त्याच कसाचा नवा करायला परवानगी द्यावी लागली, आणि १९६६ ला १४ ची अटच काढून टाकली. तस्करी थांबली का? उलट दुबईहून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणारं सोनं पुढची कित्येक वर्षं कसं वाढत गेलं आणि त्यावर कोण कोण मोठे झाले ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

आणि अट गेली तरी नियंत्रण राहिलंच बरं का. १९६८ ला त्याचा रीतसर कायदा झाला, तो रद्द झाला १९९० मध्ये. चीनच्या युद्धापायी १९६२ ला पुकारलेली आणीबाणीसुद्धा जानेवारी १९६८ पर्यंत चालू होती. महिनाभराचं युद्ध आणि सोनाराच्या दुकानात २७ वर्षं रजिस्टर आणि इन्स्पेक्टर! शत्रू केव्हाच गेला पण त्याच्या नावानं दिलेले अधिकार कुणी आपणहून परत करत नाही, मग सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

ज्यांनी विश्वासानं रोखे घेतले त्यांचंही ऐका. १९७७ ला मुदत संपली तेव्हा हातात पडले रुपये, तेच ५३ रुपये ५८ पैशांच्या हिशोबानं, आणि तोवर सोनं दहा ग्रॅमला चारशेच्या वर गेलेलं. १९६५ च्या लढाईत सरकारनं पुन्हा रोखे काढले तेव्हा मात्र लोक हुशार झाले होते, म्हणून ऑक्टोबरच्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत सोन्याच्या बदल्यात सोनंच परत द्यायचं कबूल करावं लागलं, आणि १९८० ला ते दिलंही.

तेव्हा पुढच्या पुरवणीत "पहिल्यांदाच" एवढं दुरुस्त करा, आणि जमलं तर त्या काळातल्या एखाद्या कारागिराच्या घरी जाऊन बोला, अजून सांगणारे आहेत.

आपला,
एक जुना वाचक, सांगली