छप्पर पावसाळ्याआधी: मंदिर दुरुस्तीसाठी मंडळीस आवाहन

प्रिय मंडळी, नोकरीधंद्यानिमित्त पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नाशिक आणि परदेशात राहणारे आपले बंधुभगिनी, तसेच ज्यांचे आजी-आजोबा आपल्या दफनभूमीत विसावले आहेत असे सर्वजण, यांस प्रभूच्या नावाने सलाम.

आपल्या मंदिराचे, म्हणजे चर्चच्या इमारतीचे, छप्पर आता आणखी एक पावसाळा काढील असे आम्हाला वाटत नाही. इंजिनियरांनी कौले काढून आतली लाकडे पाहिली. वेदीच्या बाजूच्या दोन कैच्यांची (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी लाकडी चौकटींची) टोके, म्हणजे भिंतीत रुतलेला भाग, कुजला आहे. एके ठिकाणी तर सळई घातली की बोटभर आत जाते. वासे आणि रीपा यांना वाळवी आहे. गेल्या पावसाळ्यात आपण वेदीवर ताडपत्री बांधून उपासना केली. ती ताडपत्री गावच्या सप्त्याच्या मंडपाची होती, न मागता मिळाली, आणि त्याबद्दल गावकऱ्यांचे आभार मानायचे राहून गेले होते ते इथे मानतो. पण ताडपत्रीखाली प्रभुभोजन दरवर्षी होऊ शकत नाही, आणि कैची खाली आली तर ताडपत्री ती धरणार नाही.

एकूण खर्चाचा अंदाज साडेएकवीस लाख रुपये आहे. त्यातले साडेअकरा लाख फक्त छपराचे. भिंतींना सहा लाख, वीजजोडणी नव्याने करण्यास दीड लाख, घंटेच्या चौकटीला एक लाख, आणि उरलेले दीड लाख पन्हाळी व इमारतीभोवतीच्या पाण्याच्या निचऱ्याला. हाती सव्वाचार लाख आहेत. म्हणजे छपराचे काम सुरू करायला सव्वासात लाख हवेत, आणि ते फेब्रुवारीअखेर हवेत. मार्चमध्ये परांची बांधली तरच मेअखेर कौले परत चढतील. बाकीची कामे पुढच्या वर्षावर गेली तरी चालतील. छप्पर चालणार नाही.

आता मंडळीत जो प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो तो घेऊ. “एवढा खर्च करायचाच तर जुने पाडून आरसीसीचे नवे का नको?” वार्षिक सभेत यावर दोन तास बोलणे झाले आणि मते मिळाली तीही एकतर्फी नव्हती. तेव्हा दुरुस्तीच्या बाजूने निर्णय का झाला हे सभेला न आलेल्यांनाही कळायला हवे.

पहिले कारण पैशाचेच. तेवढ्याच आकाराचे नवे बांधकाम दुरुस्तीच्या कितीतरी पट महाग पडते, आणि अर्धवट पैशात दुरुस्ती टप्प्याटप्प्याने करता येते, नवी इमारत मात्र पिलरच्या सळया आभाळाकडे करून वर्षानुवर्षे उभी राहते. अशी उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. दुसरे कारण असे की भिंती धडधाकट आहेत. काळ्या दगडाच्या, हात-दीड हात जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या. छप्पनच्या दुष्काळात या जिल्ह्याची काय दशा झाली ते आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. १८९९-१९०० चा तो दुष्काळ सरल्यावर ज्यांच्याकडे स्वतःच्या घरावर धड पाचट नव्हते त्यांनी हे दगड वाहिले. आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना, दोन्ही याच चार भिंतींत चालत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातला पहिला शिकलेला माणूस, पहिला मास्तर किंवा पहिली नर्स, इथल्याच फरशीवर पाटी घेऊन बसलेली आहे. जे मोडलेले नाही ते पाडण्याचा अधिकार आपल्याला आहे का, असा प्रश्न एका आजींनी सभेत विचारला. त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही.

भिंतींना जो त्रास आहे तो मात्र आपणच लावून घेतलेला आहे. मागे कधीतरी खालच्या चार-पाच फुटांना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. हेतू चांगलाच होता. पण चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तिचे तोंड बांधले की ओल वर चढते, म्हणून लोणा (ओलीबरोबर भिंतीवर येणारा खार) आता खिडक्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचला आहे आणि दरवर्षी दिलेला रंग दिवाळीपर्यंत पोपड्यांनी गळतो. उपाय साधा आहे, वेळखाऊ आहे: सिमेंट हलक्या हाताने काढायचे, भिंत एक उन्हाळा वाळू द्यायची, दरजा चुन्याने भरायच्या आणि चुन्याचाच गिलावा करायचा. भिजवलेला चुना मुरायला काही आठवडे द्यावे लागतात, आणि लावल्यावर तो हवेतून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे “लवकर आटपा” म्हणून चालत नाही. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी उरलेत. एक जोडी मिळाली आहे, तीही दुसरे काम हाती घेण्याच्या आत आगाऊ रक्कम मागते. ते रास्तच आहे.

कौलांबद्दलही थोडे. आपली बरीचशी कौले शाबूत आहेत, उतरवून घासून धुऊन पुन्हा वापरता येतील. काहींच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का अजून वाचता येतो. या कौलांचा उद्योगच मुळी मिशनमधून सुरू झाला. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला, त्यामागचे एक कारण असे की बाप्तिस्मा घेतलेल्यांना जातीने बाहेर टाकले की त्यांचा धंदा, शेती, पाणवठा सगळेच तुटे, आणि त्यांना पोटापाण्याचे काम लागे. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पत्रे घालावेत ही सूचना समितीने नाकारली त्याचे कारण मात्र भावनेचे नाही. पत्र्यावर पाऊस पडू लागला की वचन ऐकू येत नाही आणि एप्रिलात खाली बसवत नाही.

आता पैशाचा मार्ग. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन मिशनरी संस्थेचे काम नगरला सुरू झाले, आणि पुढे दीर्घकाळ मंडळीच्या डोक्यावर मिशनचा हात राहिला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तेव्हाच आपण आपल्या पायावर उभे राहायचे ठरले. तरीही कुठेतरी मनात असते की बाहेरून कोणीतरी देईल. कोणी देणार नाही, आणि कायद्याने घेताही येणार नाही. आपली मंडळी परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदलेली नाही. म्हणून परदेशातल्या आपल्या लोकांना एक कळकळीची सूचना: तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत, अवश्य पाठवा. पण परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले तरीही, तुमचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि आम्ही ते स्वीकारू शकत नाही. भावाच्या खात्यात टाकून त्याच्या नावाने द्या, असली युक्ती कृपा करून सुचवू नका. तुमच्यासाठी प्रार्थनेचा आणि सुट्टीत येऊन चार दिवस कौले धुण्याचा मार्ग मोकळा आहे.

या देणगीवर आयकराची सवलत मिळणार नाही, हेही आधीच सांगतो. कोणी तसे आश्वासन दिले असेल तर ते समितीने दिलेले नाही.

रोख रकमेला छापील, क्रमांक असलेली पावती मिळेल. खाते क्रमांक आणि क्यूआर कोड मंदिराच्या फलकावर आणि पावतीवर आहे, तेवढाच खरा. मोबाइलवर कोणी स्वतःच्या नंबरावर पैसे मागितले, मग तो पाळकसाहेबांच्या नावाने मागो की समितीच्या, देऊ नका. गुप्तदान पाकिटात घालून पेटीत टाकावे.

पेटीवरून आठवले. बायबलातले दुसरे राजे, १२ वा अध्याय, सवडीने वाचावा. योवाश राजाने मंदिराची दुरुस्ती करायला सांगितली आणि त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी काही केले नव्हते. (समित्यांचा इतिहास जुना आहे.) मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीच्या उजव्या बाजूस ठेवली. त्या पैशातून सुतार, गवंडी, पाथरवट यांना मजुरी गेली, लाकूड आणि घडीव दगड आला, आणि चांदीची पात्रे, कटोरे, कर्णे यातले काहीही केले गेले नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. आम्हीही तेच करणार आहोत. या निधीतून ग्रॅनाइटची वेदी, रंगीत दिवे, नवा साउंड सिस्टिम किंवा देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी होणार नाही. ज्यांना या वस्तू द्याव्याशा वाटतात त्यांनी दोन वर्षे थांबावे. फक्त एका बाबतीत आम्ही त्या अध्यायाच्या मागे जाणार नाही. तिथे कामकऱ्यांकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. आपल्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च फलकावर लागेल, बिले कार्यालयात कोणालाही पाहता येतील, आणि प्रत्येक चेकवर तीन सह्या असतील, त्यातली एक महिला मंडळाच्या खजिनदार बाईंची.

कोणी किती द्यावे? घरटी आकडा ठरवावा असे काहींचे म्हणणे होते. आम्ही ते टाळले. मंडळीत पेन्शनवर जगणारे मास्तर आहेत, ऊसतोडीला जाणारी घरे आहेत, आणि पुण्याच्या मगरपट्ट्यात दोन पगार येणारी जोडपीही आहेत. विधवेच्या दोन टोल्यांचा (दोन क्षुल्लक नाण्यांचा) वचनभाग या पत्रात मुद्दाम घातलेला नाही, कारण तो बहुधा ज्यांना ऐकवायला हवा त्यांच्याऐवजी विधवांनाच ऐकवला जातो. ज्यांचा महिन्याचा हप्ता, गाडी, मुलांची फी सुखाने निघते त्यांनी एका महिन्याच्या पगाराचा विचार करावा. एवढे मोकळेपणाने बोलल्याबद्दल राग मानू नये. एकदम शक्य नसेल तर दहा महिन्यांत द्या, मात्र पहिला हप्ता फेब्रुवारीपूर्वी.

पैसे नसतील त्यांना करण्यासारखे खूप आहे. कौले उतरवणे, घासणे, रचणे हे काम तरुण संघाने अंगावर घेतले आहे आणि त्यात जेवढे हात तेवढी मजुरी वाचेल. कैच्या उतरवायला मात्र कोणी वर चढायचे नाही, ते काम कंत्राटदाराच्या माणसांचे. ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, गवंड्यांचे दोन वेळचे जेवण, हेही दानच आहे आणि त्याचीही पावती मिळेल. महिला मंडळाने मुठीचे धान्य सुरू केले आहे: रोजच्या स्वयंपाकातून एक मूठ बाजूला, रविवारी मंदिरात. ही कल्पना भाबडी वाटत असेल तर मिझोरामकडे पाहा. तिथल्या बाया १९१० पासून ‘बुहफाई थाम’ म्हणून मूठमूठ तांदूळ बाजूला काढत आल्या आहेत आणि तिथल्या चर्चच्या कामाचा मोठा भार त्या मुठीने उचलला आहे.

कापणीच्या सणाचा लिलाव यंदा पूर्ण दुरुस्ती निधीसाठी आहे. भोपळा, ऊस, गावरान कोंबडी, अंडी, हरभऱ्याचे डहाळे, जे शेतात असेल ते आणा. गेल्या वेळी एका कोंबड्याची बोली हजारावर गेली आणि घेणाऱ्याने तो पुन्हा लिलावात ठेवला, त्यामुळे तोच कोंबडा तीनदा विकला गेला. अशा कोंबड्यांचे स्वागत आहे.

मार्च ते मे उपासना शाळेच्या पटांगणात मंडपात होईल, सकाळी आठ वाजता, उन्हाच्या आत. या काळात कोणाचे लग्न ठरत असेल तर तारीख काढण्याआधी पाळकसाहेबांना विचारा. बाजाची पेटी, तबला, वचनाचे जुने मोठे पुस्तक आणि बाप्तिस्म्याच्या वह्या शाळेच्या कपाटात कुलपात राहतील. वह्यांतली पाने ओलीने चिकटू लागली आहेत, त्या वाळवून मोबाइलवर फोटो काढून ठेवायला दोन-तीन धीराची मुले हवी आहेत.

येत्या रविवारी उपासनेनंतर इंजिनियर स्वतः कुजलेली लाकडे दाखवतील आणि प्रश्नांची उत्तरे देतील. पावतीपुस्तके त्याच दिवशी उघडतील. पुण्यातल्या कुटुंबांसाठी समितीचे दोघे पुढच्या शनिवारी येत आहेत, कोणाच्या घरी बसायचे ते आपसांत ठरवून कळवा.

आपले,
मंदिर दुरुस्ती समिती, पंच कमिटी, महिला मंडळ व तरुण संघ यांच्या वतीने