बदामाच्या नानकटाईबद्दल काकूंना आभारपत्र

नाशिक

ती. स्व. काकूंस,
सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ असो की नाताळची बिस्किटं, ताटल्या भरताना घरातल्या एकदोघांची ताटली वेगळी काढावी लागते. मधुमेह असलेल्या आजोबांना चार शेंगदाणे, गहू वर्ज्य असलेल्या मुलाला विकतचं पाकीट, आणि बाकीच्यांना नानकटाई. तुम्ही शिकवलेल्या बदामाच्या नानकटाईमुळे आता सगळ्यांना एकाच डब्यातलं देता येतं. त्याबद्दल मनापासून आभार मानायला हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहोत, कारण तुमची मापं आणि त्यामागची कारणं गंगापूर रोडच्या चार घरांतच राहू नयेत. शरणपूर, नाशिकरोड, सिडको, पंचवटी, जिथे कुणाला गरज असेल तिथे ती वाचून करता यावीत.

तुम्ही पहिल्याच दिवशी दोन गोष्टी वेगळ्या केल्यात, त्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नसणं वेगळं आणि कर्बोदकं कमी असणं वेगळं. नाचणी, ज्वारी, तांदूळ यांत ग्लुटेन नाही, त्यामुळे सिलियाकच्या, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होते त्या आजाराच्या, रुग्णाला ही पिठं चालतात. पण 100 ग्रॅम नाचणीत 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि मैद्यात 75 च्या आसपास, म्हणजे मधुमेह्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. उलट ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात साखर नसली तरी बहुतेक वेळा मैदा असतोच. गूळ, मध, खजूर घालून ‘साखर नाही’ म्हणण्यालाही अर्थ नाही, रक्तातली साखर त्यांनीही वाढते. आपल्या द्राक्षांच्या जिल्ह्यात बेदाण्यांना नको म्हणणं जिवावर येतं, पण त्यांच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग कर्बोदकांचाच. या बिस्किटात त्यांना जागा नाही.

‘मैदा काढलात, आता त्याची कामं कोण करणार?’ हा तुमचा प्रश्न आमच्या डोक्यात पक्का बसला आहे. मैद्यातलं ग्लुटेन बिस्किटाला धरून ठेवतं, त्यातला स्टार्च ओलावा शोषतो. साखर गोडी देते, शिवाय बिस्किट पसरवते, त्याला रंग आणते आणि निवल्यावर कुरकुरीत करते. एवढी कामं एकटं बदामाचं पीठ करू शकत नाही. म्हणून तुमच्या मापात बदामाच्या जोडीला थोडं खोबऱ्याचं पीठ आहे ओलावा आणि तूप शोषायला, इसबगोल आहे धरून ठेवायला आणि साखरेऐवजी वापरायचं एरिथ्रिटॉल आहे गोडीला. रंगाचं काम मात्र कुणीच पूर्ण करत नाही. एरिथ्रिटॉल साखरेसारखं तांबूस होत नाही, त्यामुळे ही नानकटाई वरून फिकटच राहते आणि फक्त कडेला सोनेरी होते. रंगाची वाट पाहत बसलं की ती करपते.

माप तुमच्याच शब्दांत देतो: बदामाचं पीठ 200 ग्रॅम, खोबऱ्याचं पीठ 20 ग्रॅम, दळलेलं एरिथ्रिटॉल 65 ग्रॅम, रवाळ तूप 60 ग्रॅम, इसबगोलाची पूड एक छोटा चमचा, पाणी 20 मिली, बेकिंग पावडर पाव चमचा, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, किंचित जायफळ आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात 18 ग्रॅमच्या वीस नानकटाया होतात. हे सगळं काट्यावरच मोजायचं. बदामाचं पीठ वाटीत हलकं भरलं की दाबून भरलं, यावर वजनात बराच फरक पडतो. साध्या नानकटाईत मूठभर मैदा कमीजास्त झाला तरी निभावतं, इथे निभावत नाही.

खोबऱ्याचं पीठ म्हणजे खोबऱ्याचा कीस नव्हे. तेल बरंचसं काढून उरलेल्या खोबऱ्याची ती बारीक पूड असते आणि ती भरपूर ओलावा ओढते. तिच्याऐवजी कीस घातला तर त्यात तेल भरपूर आणि शोषण कमी, म्हणून नानकटाई ट्रेवर पसरून सपाट होते. इसबगोल साधंच घ्यावं. चवीचं जे मिळतं त्यातल्या काहींत साखर असते, पाकीट वाचून घ्यावं.

बदामाचं पीठ घरी करण्याची तुमची पद्धत सविस्तर लिहावीशी वाटते, कारण निम्मं यश तिथेच ठरतं. रविवार कारंजा, मेन रोड भागातल्या सुकामेव्याच्या दुकानांत मिळणारा साधा बदाम पुरतो, महागड्या ममरा बदामाचा खर्च करायची गरज नाही. उकळतं पाणी ओतून बदाम दोन मिनिटं ठेवायचे, त्याहून जास्त नाही. लगेच गार पाण्यात टाकून चिमटीत धरले की साल सटकन निघतं. मग कापडावर पसरून पंख्याखाली रात्रभर वाळवायचे आणि सकाळी ओव्हनमध्ये 60 ते 70 अंशांवर तासभर ठेवायचे. वाळले की नाही हे पाहायला एक बदाम मोडायचा. काडकन मोडला तर झाला, नुसता वाकून तुटला तर आत पाणी आहे. ओल्या बदामाचं पीठ होत नाही, लगदा होतो. पूर्ण गार झालेले बदाम अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून मगच मिक्सरला लावायचे, एका वेळी मूठ-दोन मुठी, दोन-तीन सेकंदांचे झटके देत. सलग फिरवलं की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पीठ कडेला चिकटायला लागतं. ते चिकटलं की थांबायचं. तिथून पुढे बदामाचं लोणीच होणार, आणि त्याची नानकटाई तेलकट होते. चाळून वर राहिलेला रवा पुन्हा फिरवायचा.

एरिथ्रिटॉलही असंच मिक्सरला बारीक दळून चाळून घ्यायचं. दाणेदार घातलं तर ते तुपात नीट मिसळत नाही आणि दाताखाली वाळूसारखं लागतं. त्याची गोडी साखरेच्या 60 ते 70 टक्के असते आणि जिभेला किंचित थंडावा जाणवतो. वेलदोडा-जायफळ त्या थंडाव्याला झाकतात म्हणून ते तुम्ही सोडू देत नाही, हे आता कळतं. माल्टिटॉल हा साखरेचा दुसरा पर्याय मात्र नको. ‘साखर नाही’ म्हणून ते विकलं जात असलं तरी रक्तातली साखर त्याने काही प्रमाणात वाढते. तुम्ही एक सावधगिरीही सांगितलीत. 2023 मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात रक्तातलं एरिथ्रिटॉलचं वाढलेलं प्रमाण आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध दिसला होता. नुसत्या संबंधावरून कारण ठरत नाही, पण ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं, हा तुमचा सल्ला आम्ही प्रत्येक डब्याबरोबर पुढे पोचवतो.

आता कृती. इसबगोलाची पूड पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवायची, चिकट गोळा होतो. तूप एरिथ्रिटॉलबरोबर परातीत तळहाताने फेसायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. त्यात इसबगोलाचा गोळा मिसळायचा आणि मग चाळलेली कोरडी जिन्नसं. मळायचं नाही, फक्त एकत्र आणायचं. इथे ग्लुटेन नसल्याने जास्त मळून पीठ चिवट होणार नाही, पण हाताच्या उबेने बदामाला तेल सुटतं. मुठीत दाबल्यावर गोळा धरला आणि बोटाने ढकलल्यावर मोडला की बरोबर झालं. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग 18 ग्रॅमच्या गोळ्या वळून एक सेंटिमीटर जाडीला हलकेच चपट्या करायच्या, बटर पेपर लावलेल्या ट्रेवर बोटभर अंतराने ठेवायच्या आणि वर बदामाचा काप दाबायचा.

कोणत्या महिन्यात तूप कसं असतं, हे पाहायला तुम्ही शिकवलंत, आणि हे नाशिकमध्ये राहणाऱ्यालाच सुचावं. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तूप पातळसर होतं. ते फेसलं जात नाही, पीठ सैल होतं आणि नानकटाई ओव्हनमध्ये जाताच बसते. म्हणून दिवाळीला तूप आधी फ्रीजमध्ये रवाळ करून घ्यायचं आणि वळलेल्या नानकटाया ट्रेसकट पुन्हा वीस मिनिटं गार करायच्या. डिसेंबरमध्ये सगळं उलटं. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की तूप दगडासारखं घट्ट असतं. मोजून काढून ओट्यावर ठेवायचं, बोट सहज रुतलं की घ्यायचं, पण वितळवायचं नाही. वितळलेल्या तुपात हवा धरत नाही. त्या दिवसांत पीठ फ्रीजमध्ये ठेवायचीही फारशी गरज पडत नाही.

घरच्या ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, जागा कमी, त्यामुळे तापणाऱ्या कांड्या बिस्किटाच्या फार जवळ येतात आणि बदामातल्या तेलाने खालची बाजू आधी करपते. दोन्ही कांड्या लावून 150 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवायचं, मधला कप्पा घ्यायचा आणि एकाखाली एक असे दोन ट्रे लावायचे. खालचा रिकामा ट्रे आच अडवतो. सोळा ते अठरा मिनिटं. कडा सोनेरी दिसल्या की बंद करून दार किंचित उघडं ठेवून आणखी पाच मिनिटं आत. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते आणि इथेच लोक घाबरून तिला पुन्हा आत ढकलतात. ती निवताना तूप आणि एरिथ्रिटॉल घट्ट होऊन खुसखुशीत होते. अर्धा तास तिला उलथनंसुद्धा लावायचं नाही. गरम उचलली की भुगा होणार हे ठरलेलं. निवूनही मऊच राहिली तर बदामात ओल होती किंवा पाणी जास्त झालं, अशी एक खेप 120 अंशांवर दहा मिनिटं सुकवून सुधारते. कोरडी होऊन चिरली तर खोबऱ्याचं पीठ जास्त पडलं.

नाताळसाठी चांदण्या-झाडांच्या आकाराची हवी असतील तर याच पिठात वेलदोड्याऐवजी दालचिनी, सुंठ आणि संत्र्याच्या सालीचा कीस. दोन बटर पेपरमध्ये सहा मिलिमीटर जाड लाटून पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये, मगच साच्याने कापायची. लाटताना पीठ भुरभुरवायचं नाही. पातळ असल्याने बारा-तेरा मिनिटांत होतात.

गव्हाच्या बाबतीत तुम्ही दाखवलेला कडकपणा आधी काहींना अति वाटे. आता वाटत नाही. ‘थोडंसं लागलं तर काय होतं’ हे सिलियाकच्या मुलाला लागू नाही, आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमातच ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. कोपऱ्यावरच्या गिरणीत आधी गहू दळला असेल तर पुढच्या ज्वारीत तो येणारच. दिवाळीत नानकटाई भाजायला बेकरीच्या भट्टीवर न्यायची आपली जुनी रीत छान आहे, पण त्या भट्टीत, त्या पत्र्यांवर मैदाच मैदा. म्हणून हे घरच्या ओव्हनमध्येच. चाळण वेगळी, लाकडी चमचा नवा, मिक्सरच्या झाकणाची रबरी कडी काढून धुतलेली, बेकिंग पावडरच्या डब्यावरचे घटक वाचलेले, आणि बिस्किटं करायची ती सकाळी, कणीक भिजवण्याच्या आधी, कारण हवेत उडालेलं पीठ खाली बसायला वेळ लागतो.

आकडेही तुम्ही लपवले नाहीत. तंतू आणि एरिथ्रिटॉल वजा केले तर एका नानकटाईत कर्बोदकं सुमारे 1 ग्रॅम. 200 ग्रॅम मैदा आणि 100 ग्रॅम साखरेच्या वीस नानकटायांत ती प्रत्येकी 12 ग्रॅमच्या वर जातात. पण उष्मांक या नानकटाईतही 90 च्या घरात, कारण बदाम आणि तूप. ‘दोन खा, डबा घेऊन बसू नका, आणि हिच्या भरवशावर गोळी-इन्सुलिनमध्ये स्वतःहून बदल करू नका’ हे तुम्ही मधुमेह्यांना जितक्या प्रेमाने सांगता तितक्या प्रेमाने फार थोडे सांगतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ही आठ-दहा दिवस राहते, पुढे बदामाला खवट वास येऊ शकतो. जास्त केली असेल तर फ्रीजरमध्ये.

काकू, या सगळ्यासाठी तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत, आणि कुणी तिसऱ्यांदा फोन करून ‘मऊ राहिली’ म्हटलं तरी आधी ‘बदाम मोडून पाहिला होता का?’ एवढंच शांतपणे विचारलंत. पाहुण्यांसमोर ‘हे डाएटचं आहे’ असं सांगायचं नाही, नुसतं पुढे करायचं, हेही तुमच्याचकडून शिकलो. पथ्याचं खाणाऱ्याला पंगतीत इतक्या सहज बसवल्याबद्दल आम्ही सगळी घरं तुमची ऋणी आहोत. येत्या नाताळात बदाम सोलायला तुम्ही बसायचं नाही, ते आम्ही करून आणतो. तुम्ही फक्त तूप बोटाने दाबून सांगा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्या घरांकडून