सेल्फचं बटण उघडायला शिकवणाऱ्या वायरिंगवाल्या काकांना

काका,

शि. सा. न. वि. वि.

सेल्फ (बटण दाबून इंजिन सुरू करणारी मोटर) लागत नाही म्हणून दुचाकी ढकलत आणणाऱ्या किती जणांना तुम्ही नवा स्विच न विकता परत पाठवलंत, याचा हिशेब तुम्ही ठेवला नसेल. उजव्या हाताचा अख्खा स्विच बदलून टाकणं तुम्हाला सोपं होतं, त्यात पैसेही जास्त होते. तुम्ही मात्र प्रत्येकाच्या हातात व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर दिलात आणि म्हणालात, "आधी मोज." त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून हे जाहीर आभार. तुमच्याकडून जे शिकलो ते इथे लिहून काढतोय. इतरांनाही उपयोगी पडेल, आणि कुठे चुकलं असेल तर तुम्ही कान पकडालच.

मीटरच्याही आधी तुम्ही कान लावायला शिकवलंत. बटण दाबल्यावर सीटखालून किंवा बाजूच्या कव्हरमागून रिलेचा (बटणाच्या बारीक करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या डबीचा) एक ठाम 'टक्' आला आणि मोटर फिरली नाही, तर बटणाला दोष देऊ नये; बॅटरी, जाड वायरींची टोकं, रिलेचे आतले पॉइंट (एकमेकांना टेकून करंट जोडणारे धातूचे तुकडे) किंवा मोटरचे कार्बन (तिच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) बघावेत. 'टरटरटर' वाजलं तर बहुतेक बॅटरी उतरलेली. काहीच वाजलं नाही, तरच शोध बारीक वायरींच्या वाटेवर: फ्यूज, चावी, किल स्विच (इंजिन बंद करायचा हँडलवरचा स्विच), सेल्फचं बटण, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि रिलेची कॉइल. इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक खूण फुकट मिळते. चावी फिरवून किल स्विच चालू केला की पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो गुणगुणला तर बहुतेक गाड्यांत किल स्विचपर्यंतची वाट ठीक आहे असं धरायला हरकत नाही.

रिलेचे दोन जाड बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडून मोटर फिरवायची युक्ती गल्लीतल्या पोरांनाही येते. गाडी न्यूट्रलला आहे का हे तुम्ही आधी हाताने पुढे-मागे ढकलून बघायला लावता, कारण त्या जोडणीत क्लच आणि न्यूट्रलची राखण बाजूला पडते आणि गिअरमधली गाडी सरळ समोरच्या भिंतीवर जाते.

आता मीटर. उभ्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करायची, मग बाकीचं. त्यानंतरची तुमची शिकवण आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते: बीप वाजला म्हणून स्विच पास करायचा नाही. मीटर तपासताना अगदी किरकोळ करंट सोडतो आणि बऱ्याच मीटरचा बीप वीस-तीस ओहमलासुद्धा वाजतो. रिलेच्या कॉइलला मात्र खरा करंट लागतो. कॉइल ४ ओहमची धरली तर १२.४ व्होल्टला ती ३ अँपिअरच्या आसपास ओढते. बटणाच्या पॉइंटवर फक्त १ ओहमची काजळी बसली, तर कॉइलच्या वाट्याला ९.९ व्होल्टच येतात. जवळजवळ अडीच व्होल्ट काजळीने खाल्ले, आणि मीटर बिचारा बीप देतोय! रिले कधी ओढतो, कधी नाही. 'चार वेळा दाबलं की लागते' या दुखण्याचं मूळ हेच.

म्हणून मोजायचं ते बटण दाबलेलं असताना. चावी चालू, न्यूट्रल, क्लच दाबलेला, आणि मीटरच्या दोन काड्या बटणाच्या दोन टोकांना. चांगल्या बटणावर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. अर्धा व्होल्ट दिसला की स्विच उघडायचा. मात्र बाकीची वाट तुटलेली असेल तर करंटच वाहत नाही आणि मीटर उगाच शून्य दाखवून फसवतो. काही गाड्यांत बटण रिलेला प्लस देत नाही, अर्थ (म्हणजे मायनस) देतं. तिथे कॉइलच्या टोकाशी मोजताना दाबल्यावर व्होल्ट वाढण्याऐवजी शून्याकडे जातात. हे ठाऊक नसलं की चांगला रिले फेकला जातो.

उघडण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, आणि लावताना तो शेवटी. प्लसला लावलेला पाना चुकून चॅसीला टेकला तरी मग ठिणगी नाही. स्विचचे स्क्रू खालच्या बाजूने असतात. त्यांचं डोकं नरम असतं, तेव्हा पूर्ण बसणारा ड्रायव्हर घेऊन वजन टाकून फिरवायचा. टाकीवर जुना टॉवेल. स्विचचे दोन्ही अर्धे भाग वेगळे करताना अ‍ॅक्सिलेटरची केबल ओढली जाऊ नये, आणि हँडलच्या भोकात बसणारी प्लास्टिकची छोटी खुंटी तुटू नये. ती तुटली की स्विच हँडलवर गोल फिरतो. बटणाची पट्टी धरणारा बारीक स्क्रू पारदर्शक पिशवीत हात घालून सोडवायचा, कारण खाली दबून बसलेली स्प्रिंग अशी उडते की अंगण झाडून काढलं तरी मिळत नाही.

आत दोन प्रकारची घाण दिसते. काळी असते ती ठिणगीची: बटण सोडताना कॉइल उलटा झटका देते आणि पॉइंटवर बारीक जाळ होतो. हिरवी असते ती पाण्याची. कोकणातल्या खाऱ्या हवेत चार पावसाळे काढलेल्या स्विचमध्ये पितळ असं कळकतं, की ताक ठेवलेलं भांडं आठवावं. साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि जुना टूथब्रश. डाग हटला नाही तर १००० नंबरचा वॉटर पेपर बोटभर पट्टी करून दोन-चार वेळाच. कानस अजिबात नाही. पट्टीवर मुलामा असतो, तो खरवडला की कल्हई गेलेल्या भांड्यासारखी ती पुन्हा लवकर काळी पडते. पेट्रोलही नको, रबर फुगतं आणि ठिणगीची भीती वेगळीच. गंज सोडवणारा तेलकट स्प्रे पाणी हटवतो खरा, पण मागे राहिलेल्या थरावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. शेवटी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, तोही बटण सरकतं त्या प्लास्टिकला. पॉइंटवर गोळा ठेवायचा नाही, हे ग्रीस वीज नेत नाही. व्हॅसलीनही चालतं, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या स्विचमधून ते वितळून वाहतं.

पट्टी लख्ख होऊनही करंट जात नसेल तर वायर बघायची. हँडल वळून वळून ती डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जागी तुटते, आणि वरचं आवरण शाबूत असल्यामुळे दिसत नाही. तांबं पिवळट-लालसर दिसेपर्यंत मागे सोलायचं. पुन्हा डाग द्यायला सोल्डरिंगची २५ वॅटची इस्त्री पुरते. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली तर प्लास्टिकची खाच वितळते. पत्र्याच्या कामाचं आम्ल इथे लावलं तर वायर आतून खाल्ली जाते, राळेचीच सोल्डर हवी.

बदलायचा तो स्विच, ज्याची खाच वितळलीय किंवा ज्याचं बटण आत अडकून राहतं. अडकलेलं बटण गंमत नव्हे, इंजिन सुरू झाल्यावरही मोटर फिरत राहते. पण खाच कशामुळे वितळली, हे तुम्ही आधी शोधायला लावता: कॉइल अर्धवट शॉर्ट आहे का, की कुणी हेडलाइटला १०० वॅटचा बल्ब लावलाय? ३५ वॅटला ३ अँपिअर पुरतात, १०० वॅटला ८ पेक्षा जास्त, आणि लाइटचा करंट त्याच स्विचमधून जात असेल तर नवाही वितळणार. नवा घेताना कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड), वायरींची संख्या आणि रंग तिन्ही जुळवायचे. वेगळं बटण बसवून थेट रिलेला जोडण्याचा स्वस्त उपाय तुम्ही करून देत नाही. त्यावर गिऱ्हाईक नाराज होतं, पण क्लचची राखण तोडून गाडी हातात देणारा तुमच्यासारखा माणूस नव्हे.

जोडून झाल्यावर हँडल दोन्ही टोकांना वळवून अ‍ॅक्सिलेटर स्वतःहून परत येतो का बघायचं, मग बटण वीस वेळा. आणि धुलाईवाल्याची प्रेशरची तोटी स्विचवर कधीच धरू द्यायची नाही; त्यावर पिशवी बांधायची.

कळावे, लोभ असावा.

आपले,
रविवारी पाने घेऊन बसणारे आम्ही सगळे

ता. क. : बऱ्याच गाड्यांत स्विचचे दोन स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, हे या वेळी उघडतानाच लिहून ठेवलं आहे. हरवलेल्या स्प्रिंगच्या जागी बॉलपेनची कापून घालायची नाही हेही लक्षात आहे. तुमच्या डब्यातल्या जुन्या स्विचांच्या स्प्रिंगा तेवढ्या टाकू नका, पाऊस लागला की मागायला येऊ.