नव्याने गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीस

प्रिय सखी,

तुझं पत्र वाचून मन खट्टू झालं. लायसन्स मिळाल्याचा आनंद पहिल्या दोन ओळींतच आटोपला आणि पुढची दोन पानं तू स्वतःला इतकं टाकून बोलली आहेस, की दुसऱ्या कुणी तुला असं बोललं असतं तर मी तडक भांडायला गेले असते. मठ्ठ काय, बावळट काय, "सगळ्या जगाला जमतं, मलाच जमत नाही" काय! आणि हे कशावरून, तर सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवले.

"घाबरू नकोस, होईल सगळं नीट" असं लिहून मी मोकळी होणार नाही. तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक रस्त्याची भीती आणि दुसरी स्वतःवरची चीड. दोन्ही एकदमच घालवायला तू निघाली आहेस. माझं म्हणणं असं, की भीती तूर्त राहू दे. चीड आधी जाऊ दे.

भीती वाटते यात वावगं काही नाही. टनभर किंवा त्याहून जास्त वजनाचं यंत्र तुझ्या हातात आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने ते एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जातं, म्हणजे डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत काही मीटर अंतर मागे पडलेलं असतं. हे ज्याला कळतं तो जपूनच चालवणार. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायला, आरशात पुन्हा एकदा बघायला हीच भीती लावते. काही काळाने ती ओसरते आणि तिच्या जागी सवयीची सावधगिरी येते. तिला आत्ताच हुसकून लावायची घाई नको.

चिडीचं मात्र तसं नाही. चीड तुझं लक्ष खाते. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्यासारखं काम लोकांना करायला दिलं आणि त्यातल्या काहींना त्याच वेळी फोनवर बोलायला लावलं. बोलणाऱ्यांचे सिग्नल हुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. फोन हातात धरलेला असो वा नसो, फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांना मात्र असा त्रास झाला नाही. म्हणजे नडत होतं ते संभाषणात गुंतणं. आता तू सिग्नल ओलांडल्यावर पुढचा सगळा रस्ता मनातल्या मनात स्वतःशी जे भांडत असतेस, तेही संभाषणच की गं! प्रयोग काही त्या भांडणावर झालेला नाही, हा माझा तर्क आहे. पण डोळे समोर आणि मन मागच्या चौकात, अशी तुझी गत होते हे तूच लिहिलं आहेस. "पुढचा स्पीडब्रेकर दिसलाच नाही" हे वाक्य तुझंच ना? तो स्पीडब्रेकर नवखेपणामुळे हुकला असं मला वाटत नाही. तू तेव्हा स्वतःला झापत होतीस.

यावर तू म्हणशील, चुकलं तरी स्वतःला काही बोलायचंच नाही का? बोलायचं, जरूर बोलायचं. लेन बदलताना आरसा बघितला नाही, तर ती चूक आहे आणि तिथे मी तुझं सांत्वन करणार नाही. पण सुधारणा कुठली आणि नुसतं झापणं कुठलं, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. स्वतःला बोललेल्या वाक्यात गाडीचा किंवा रस्त्याचा एखादा भाग येतो का, ते बघ. "क्लच फार लवकर सोडला", "वळणाआधी वेग कमी केला नाही", "इंडिकेटर उशिरा दिला" या वाक्यांना काहीतरी करता येतं, पुढच्या वेळी पाय किंवा हात वेगळा हलवता येतो. "मी मठ्ठच आहे" या वाक्यात ना क्लच, ना वळण. त्याचं कुणी काय करावं? असं वाक्य मनात आलं की त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. त्यात गाडी कुठे आहे, एवढंच विचार. सापडली तर ठेव, नाही सापडली तर तिथेच सोड.

तुझ्या सिग्नलवरच्या प्रसंगालाच हे लावून बघू. गाडी बंद पडते म्हणजे होतं काय? इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. या दोघांना जोडण्याचं काम क्लचचं. तू पाय झटकन उचललास की थांबलेल्या चाकांचा सगळा भार एकदम इंजिनावर येतो. आधीच संथ फिरणाऱ्या इंजिनाला तो पेलत नाही आणि ते बंद पडतं. बस, एवढंच. यात तुझ्या अकलेचा कुठे संबंध आला?

मोकळी, सपाट जागा बघ. पहिला गिअर टाक, अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावू नकोस. डाव्या पायाची टाच जमिनीला टेकव आणि क्लच अगदी हळू वर येऊ दे. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जाड होतो, स्टिअरिंग किंचित थरथरतं आणि गाडीचं नाक जरासं उचलल्यासारखं वाटतं. तोच हाफ क्लच. तिथे पाय थांबव. मनातल्या मनात "एक, दोन" म्हण. बऱ्याच गाड्या एवढ्यावरच सपाटीला हळूहळू पुढे सरकतात. पुन्हा थांब, पुन्हा तेच कर. कंटाळा येईपर्यंत कर. ज्या गोष्टीचा कंटाळा आला तिची भीती फारशी उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि तरीही भर चौकात बंद पडलीच, तर ब्रेक, क्लच पूर्ण खाली, न्यूट्रल, स्टार्टर, पहिला गिअर, हाफ क्लच. हा क्रम घरच्या खुर्चीत बसूनसुद्धा पाठ करता येतो. काही सेकंदांचं काम आहे. मागच्याला ते काही सेकंद थांबावं लागेल, थांबू दे.

हॉर्नबद्दल तू फारच मनाला लावून घेतलं आहेस. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली छापलेला एक अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून त्यांना इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ते टिपलं. तुझी बंद पडलेली गाडी मागच्यांना दिसली, हे खरंच. पण त्यांना दिसली ती हिरवा दिवा लागूनही न हललेली एक गाडी. पुढच्या वळणाला ते तिला विसरले असतील. रात्री अंथरुणात तो हॉर्न पुन्हा पुन्हा ऐकणारी तू एकटीच.

रात्रीच्या त्या उजळणीचंही सांगते. गाडी लावलीस की उतरण्याआधी वहीत एक ओळ लिही. वर सांगितलेल्या खुणेतली, म्हणजे गाडीचा किंवा रस्त्याचा एखादा भाग असलेली. शिवाय जे बरं जमलं तेही लिही. आजचं जमलेलं तू मोजतच नाहीस, ते आपोआप झालं असं धरून चालतेस आणि चुकलेलं तेवढं स्वतःच्या नावावर टाकतेस. मग वही मिटायची. अंथरुणात विषय निघालाच तर "लिहून झालंय" म्हणायचं आणि कूस बदलायची.

पॉल फिट्स आणि मायकेल पोझ्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हातापायांची कौशल्यं शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर प्रत्येक हालचाल डोक्याने करावी लागते, दुसरीवर चुका कमी होऊ लागतात, तिसरीवर अंग आपसूक काम करतं. तू पहिलीवर आहेस. म्हणूनच दमतेस. गिअर बदलायचा विचार, आरशाचा विचार, पायाचा विचार, सगळं एकदम. ज्यांच्याशी तू स्वतःची तुलना करतेस त्यांचा हात कधीचा बसला आहे. त्यांची पहिली पायरी तू बघितलेलीच नाहीस.

आता थोडं शरीराकडे. घाबरलं की खांदे कानांपाशी जातात, मुठी आवळतात आणि नजर बॉनेटच्या जेमतेम पुढे पडते. यातली नजर सगळ्यात महत्त्वाची. ती लांब टाक, रस्ता जिकडे जातोय तिकडे. जवळ बघितलं की सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं आणि स्टिअरिंग सारखं डावीकडे-उजवीकडे होत राहतं. सिग्नलला थांबलीस की मुठी सैल कर आणि श्वास घेतलास त्यापेक्षा सावकाश सोड. फारच धडधडायला लागलं तर इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी बाजूला घे, हँडब्रेक ओढ, पाच-दहा मिनिटं नुसती बस. आणि जमलं तर तिथून थेट घरी वळू नकोस, पुढच्या चौकापर्यंत तरी जाऊन ये. घाबरल्या क्षणी माघार घेतली की सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या खेपेला भीती जास्त वाटते. म्हणून किल्ली खुंटीला टांगून ठेवायची नाही. रोजचा एकच रस्ता धर, वर्दळ कमी असताना. तो सवयीचा झाला की एकच गोष्ट बदल, एक तर वेळ किंवा रस्ता. दोन्ही एकदम नको.

शेजारी कोण बसतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. "ब्रेक! ब्रेक!" असं ओरडणारं माणूस कितीही मायेचं असलं तरी सध्या त्याला मागच्या सीटवर बसव, नाहीतर घरीच राहू दे. जे सांगायचं ते वळण यायच्या आधी, शांतपणे, असं ठरवून घे. हे बोलायला तुला संकोच वाटेल, ते मला ठाऊक आहे. तरी बोल.

आणि इतकं करूनही किल्ली हातात घेताच घाम फुटत असेल, झोप उडत असेल, हात बधिर होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. गाडी चालवण्याच्या भीतीवर चांगले उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. तिथे जाणं म्हणजे हरणं, असं तू मनात आणशील म्हणून आधीच सांगते, मी तसं अजिबात मानत नाही.

चढाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण खरी धास्ती तिथेच दिसते. चढावर हँडब्रेक ओढून ठेव, क्लच हाफवर आण, थोडा अ‍ॅक्सिलरेटर दे, नाक उचललं की मगच हँडब्रेक सोड. गाडी मागे येणार नाही. आधी हलक्या चढावर, मागे कुणी नसताना करून बघ. जमलं तर लगेच कळव. नाही जमलं तर नेमकं कुठे अडलं, क्लचपाशी की हँडब्रेकपाशी, ते लिही. तिथून पुढचं आपण दोघी मिळून बघू.

तुझीच,
मैत्रीण