केटलच्या पिशवीबद्दल आभार

प्रति,
फूडबँकेच्या टेबलामागची सर्व मंडळी,
मेथडिस्ट चर्चचा मागचा हॉल, लेस्टर

सप्रेम नमस्कार.

इंग्रजी प्रत तुमच्या हाती दिलीच आहे. ही मराठीतली आपल्या लोकांसाठी. अडलेल्यांना फुकट अन्नसामान देणाऱ्या तुमच्या फूडबँकेचं दार ठोठावायला संकोचणारे आणि सणासुदीला गाडीभर सामान आणून टाकणारे, दोघंही मराठी वाचतात. आणि दोघांनाही आत नेमकं काय चालतं याची फारशी कल्पना नसते.

सगळ्यात आधी आभार एका प्रश्नाचे. व्हाउचर, म्हणजे पिशवीसाठीची शिफारस-चिठ्ठी, हातात आलं की तुम्ही विचारता, "घरी शिजवायची सोय काय आहे?" ओव्हन आहे, एकच हॉब (शेगडी) आहे, मायक्रोवेव्ह आहे, की नुसती केटल? फ्रिज? डबा उघडायला ओपनर? गॅस-विजेच्या मीटरमध्ये पैसे आहेत का? या उत्तरांवर पिशवी ठरते. हे न विचारता दिलेली पिशवी कशी वाया जाते ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. कौन्सिलने (इथल्या पालिकेने) तात्पुरतं हॉटेलच्या खोलीत ठेवलेल्या बाईला दोन किलो पास्ता दिला, तर तो तिथे टेबलावर शोभेला राहतो.

तिच्यासाठी केटलची पिशवी. ओट्सची एकेकट्याची पाकिटं, कप नूडल्स, सूपची पावडर, बटाट्याचा इन्स्टंट मॅश. कुसकुस असेल तर उत्तमच: जेवढ्यास तेवढं उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं, झालं. दूध लाँग-लाइफ आणि तेही 200 मिलीच्या छोट्या खोक्यांत, कारण लिटरचं एकदा फोडलं की फ्रिजशिवाय टिकत नाही. डबे सगळे रिंग ओढून उघडणारे. बेक्ड बीन्स, ट्यूना, फळांच्या फोडी गार खाल्ल्या तरी चालतात. ब्रेडऐवजी क्रॅकर्स आणि पीनट बटर. प्लास्टिकचा चमचा विसरायचा नाही. हे सगळं कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलेलं आहे, म्हणून नवा स्वयंसेवक पहिल्या दिवशीही चुकत नाही.

नेहमीची पिशवी माणशी तीन दिवसांची: सीरिअल, दूध, चहा, साखर, तांदूळ किंवा पास्ता, टोमॅटोचे डबे, कडधान्यांचे, भाज्यांचे, मांस किंवा मासे, फळं, बिस्किटं. व्हाउचर डॉक्टर, शाळा, फुकट सल्ला देणारी सिटिझन्स ॲडव्हाइस संस्था अशा ठिकाणांहून येतं. अडतं ते बहुधा इथेच. त्यावर नुसतं "कुटुंब" लिहिलेलं असलं तर मुलं किती वर्षांची ते कळत नाही, मग डायपरचा नंबर चुकतो. म्हणून तुम्ही टेबलावर पुन्हा विचारून घेता. आणि पिशव्या नेहमी दोन, सारख्या वजनाच्या, जड डबे तळाशी. माणूस बसने जाणार आहे हे कुणीतरी आधी लक्षात घेतलेलं असतं.

आता आपल्या लोकांना दोन शब्द, तुमच्या साक्षीने. मदत करायची म्हणून आपण नेतो काय? दहा किलोची आट्याची गोणी, सुका राजमा आणि घरचं लोणचं. भावना चांगली, पण तिन्ही तिथे अडकतात. गोणी तशीच एका घराला देता येत नाही, आणि फोडून छोट्या पिशव्या भरायच्या तर प्रत्येक पिशवीवर घटक, ॲलर्जी आणि तारीख हवी. घरच्या लोणच्यावर, लाडवांवर लेबल नसतं. इथल्या कायद्यात ॲलर्जी आणणाऱ्या 14 पदार्थांची यादी आहे, त्यात मोहरी, तीळ, शेंगदाणे आणि काजू-बदाम आहेत. म्हणजे आपला निम्मा फराळ आलाच. सुका राजमा तर सगळ्यात वाईट. रात्रभर भिजवा, मग तासभर गॅस जाळा, आणि ज्याच्या मीटरमध्ये शेवटचे दोन पाउंड उरलेत त्याने हे करायचं. पैसे वाचवायला कुणी तो स्लो कुकरमध्ये टाकला तर पोटाला बाधतो, कारण राजम्यातलं विष जायला आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. त्यापेक्षा डब्यातला छोले-राजमा न्या. तांदूळ न्यायचा तर अर्ध्या किंवा एक किलोच्या बंद पाकिटातला.

शाकाहारी पिशवीची वेगळी टोपली तुम्ही आमच्या सांगण्याआधीच ठेवली होती, त्याचे मनापासून आभार. फक्त भाज्या दिसल्या म्हणून डबा शाकाहारी ठरत नाही, हे तुमच्या मंडळींना पक्कं कळलंय. टोमॅटो सूपच्या रांगेतल्या एखाद्या सूपमध्ये बीफ स्टॉक असतो, जेली आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन, वुस्टर सॉसमध्ये मासे. आपला हिरवा ठिपका इथे नसतो, त्यामुळे मागचं बारीक अक्षर वाचावंच लागतं. चष्मा लावून ते वाचणाऱ्या आजी-आजोबांना विशेष धन्यवाद.

मागच्या खोलीत येणारं सगळं आधी वजनकाट्यावर चढतं. मग प्रत्येक डब्यावर काळ्या मार्करने महिना-वर्ष ठसठशीत, आणि जुनी तारीख पुढे. "यूज बाय" उलटलं की थेट कचऱ्यात, कारण ते सुरक्षिततेचं. "बेस्ट बिफोर" चवीचं असतं, थोडं उलटलं तरी देता येतं. मधोमध पोचा आलेला डबा चालतो. शिवणीवर पोचा, फुगवटा किंवा गंज दिसला की बाद. नाताळच्या पुडिंगमध्ये बऱ्याचदा ब्रँडी असते म्हणून तसलं पुडिंगही बाजूला. मेथडिस्टांच्या आवारात दारू नको हा जुना नियम आहेच, शिवाय व्यसनातून सुटू पाहणाऱ्याच्या पिशवीत ती जाऊ नये हे त्याहून महत्त्वाचं. हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाला, बीन्स आणि पास्त्याचा डोंगर होतो आणि फेब्रुवारीत तेल, साखर, डब्यातली फळं शोधावी लागतात. हे दरवर्षीचंच.

मीटरचंही सांगायला हवं, कारण भारतातून नव्याने आलेल्यांना हे कळायला वेळ लागतो. आधी पैसे भरून चालणाऱ्या प्रीपेमेंट मीटरवर गॅस वापरला नाही तरी रोजचा ठरलेला स्टँडिंग चार्ज चढत राहतो. बरेच दिवस टॉप-अप केला नाही, मग दहा पाउंड भरले, तर त्यातले बरेचसे थकबाकीत जाऊ शकतात आणि शेगडी लवकरच पुन्हा थंड. "आत्ताच तर भरले होते" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. तुम्ही हे ओळखता आणि पिशवीबरोबर मीटर भरायला मदत करणाऱ्या फ्युएल व्हाउचरचा अर्ज तिथल्या तिथे भरून देता.

आपल्यातले कित्येक जण ज्या शब्दाला घाबरतात तो म्हणजे "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स". सरकारी मदत घ्यायची नाही अशी ही अट; स्टुडंट, स्किल्ड वर्कर आणि बऱ्याचशा इतर व्हिसांवर ती असते. लोकांना वाटतं, फूडबँकेत गेलो तर व्हिसा जाईल. तसं नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता), चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट हे पब्लिक फंड्स. चर्चच्या हॉलमधली पिशवी त्यात मोडत नाही. इंग्लंडात अशा घरातल्या मुलांना, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर, शाळेत फुकट जेवणही मिळू शकतं. मुलं खरोखर अडचणीत असतील तर 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम 17 खाली कौन्सिलकडे मदत मागता येते. हे तुम्ही मोठ्या अक्षरांत छापून चहाच्या टेबलावर ठेवलंत, कुणी न मागता. दर आठवड्याला टर्ममध्ये वीसच तास काम करायची मुभा असलेला आणि शिफ्ट्स अचानक बंद झालेला विद्यार्थी तो कागद गुपचूप घडी घालून खिशात ठेवतो. त्याला तेवढंच हवं असतं.

चहाबरोबर प्रवचन नाही, याबद्दलही आभार. प्रार्थना हवी असेल तर पलीकडची खोली आहे, एवढंच सांगता.

आणि पिशवी देऊन तुम्ही थांबत नाही. तेच नाव तिसऱ्यांदा आलं की त्या घराचं नेमकं काय अडलंय ते बसून पाहता. बहुतेक वेळा कारण सरळ असतं. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात. मधल्या काळात मिळणारा ॲडव्हान्स हे कर्ज असतं आणि पुढे महिन्याला कापलं जातं. मग दुसऱ्या महिन्यातही हातात कमीच येतं. अशी कारणं तुम्ही नावं वगळून खासदाराला कळवता. दोन मुलांपुरतीच मदत देण्याची 2017 ची मर्यादा उठवा म्हणून मेथडिस्ट चर्च बॅप्टिस्ट आणि युनायटेड रिफॉर्म्ड चर्चच्या बरोबरीने बोलत राहिलं. ती उठवण्याची घोषणा झाली नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात. तोवर किती पिशव्या गेल्या!

हे काही तुमच्याकडे नवीन नाही म्हणा. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने 1746 मध्ये लंडनच्या फाउंडरी या आपल्या प्रार्थनास्थळात गरिबांसाठी दवाखाना काढला आणि तीन महिन्यांत फेडायच्या छोट्या कर्जांचा निधीही. 1834 मध्ये टॉलपडलच्या ज्या सहा शेतमजुरांना संघटना केली म्हणून ऑस्ट्रेलियाला धाडलं, त्यातले पाच मेथडिस्ट होते आणि त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस चर्चमध्ये उपदेश करायचा. मजुरी घटवू नका एवढंच मागणं होतं. पिशवीच्या मागे खासदाराला पत्र जातं, ते त्याच रांगेतलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही सामान घेऊन येतोय. सूर्यफूल तेल एक लिटरच्या बाटल्यांत, साखर, डब्यातले छोले आणि आंब्याच्या फोडी, 200 मिलीचं दूध, चार नंबरचे डायपर, आणि दहा टिन ओपनर. सगळे डबे रिंगवाले मिळाले नाहीत, म्हणून ओपनर. तारखा मार्करने आधीच लिहून आणतो.

आपले,
लेस्टरमधली काही मराठी कुटुंबं