आईच्या मराठी वाहिन्या कुठे गेल्या?

महोदय,

डिचोलीहून वास्कोला राहायला आलो आणि आईच्या मराठी वाहिन्या गेल्या. देवाकडे दिवा लावून सातला टीव्हीसमोर बसणारी आई आता रिमोट हातात धरून नुसती बसते. केबलवाला म्हणतो, ‘‘इथे हिंदी, कन्नडवाले जास्त, पॅकेज तसंच.’’ त्याचा धंदा मला कळतो. कुणाच्या वाहिन्या काढा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण 2011च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे 11 टक्के लोकांची मातृभाषा मराठी आहे, आणि ते सगळे काही पेडणे-डिचोलीतच राहत नाहीत. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांनी 2019पासून वाहिनी सुटी निवडता येते. मग सुटी मागितली की ‘‘पॅकेजच घ्या’’ का? प्रत्येक ग्राहकाला वाहिन्यांची दरांसह यादी मिळालीच पाहिजे.

— एक वाचक, वास्को