मल्लेशमला, सोलापूरहून

प्रिय मल्लेशम,
सप्रेम नमस्कार.

येथे सर्व क्षेम आहे. बाबांचा गुडघा नेहमीसारखाच कुरकुरतो. परंतु आज लिहितो आहे ते शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या घरात वाढलेल्या तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे न सुचल्यामुळे.

आमच्या शाळेत वक्तृत्वासाठी निवड झाली. विडी वळणाऱ्या बाईंची नववीतील मुलगी नळाला काही दिवसांआड पाणी येते तेव्हा घरात शाळा कोणाची बुडते, यावर इतके नेमके बोलली की मी थक्क झालो; पण मराठी बोलताना तिचे लिंग-वचन चुकले, म्हणून परीक्षकांनी ‘व्यक्तिमत्त्व विकास आवश्यक’ असा शेरा मारला आणि पाठ केलेले भाषण घडाघडा म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या मुलाची निवड केली.

एम. ए.ला असताना तू समाजशास्त्रज्ञ द्युर्केमची बाजू घेऊन भांडायचास की, शाळा भिन्न घरांतील मुलांना एका समाजाचे नियम देते. मी दुसरा समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू पुढे केला की ‘त्या फ्रेंच माणसाला सोलापूर काय कळणार’ म्हणून चहाचे पैसे माझ्याच माथी मारायचास. (द्युर्केमही फ्रेंचच होता, हे तेव्हा सुचले असते तर बरे झाले असते.) बोर्द्यू आणि त्याचा सहलेखक पासरों यांनी 1970 मध्ये दाखवले ते हेच, की घरातून आलेली भाषा आणि वागण्याची ढब यांनाच शाळा गुणवत्ता मानते. फुल्यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे शेतकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते असे सांगितले. आज ही मुलगी वर्गात बसते खरी, पण तिची पारख दुसऱ्याच घरच्या मापाने होते.

शेऱ्यापेक्षा मला तिच्या आईचे बोलणे अधिक लागले. ‘सर, आमची पोर बोलायला कच्चीच आहे,’ असे त्या मला समजावत होत्या. तरीही तुझे द्युर्केम मला पूर्णपणे मोडीत काढता येत नाहीत, कारण या शहरात विडी कामगाराची मुलगी आणि डॉक्टरांचा मुलगा वर्गाखेरीज एकत्र बसतात कुठे? फक्त ‘मी नाही का शिकलो’ हा तुझा हुकमी एक्का पुन्हा टाकू नकोस. तू निसटलास, एवढ्यावरून जाळे नव्हते असे ठरत नाही.

मुद्द्यांचे आणि भाषेचे गुण वेगळे ठेवावेत, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. ते हसले.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद. दिवाळीत येशील तेव्हा सुट्टी लागण्याआधी एक दिवस आमच्या वर्गासाठी ठेव आणि मुलांशी तासभर तेलुगूत बोल. मुख्याध्यापकांचे मी पाहून घेईन.

तुझा,
वसंत